युद्धकाळातले चांदीचे रुपये: चांदीचा भाव धरावा की नाण्याचा?

वाईची_लेक

नमस्कार. गेल्या महिन्यात वाईच्या घराचा माळा आवरताना माझ्या आजोबांचा एक पत्र्याचा डबा सापडला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कारकून होते आणि पगारातले काही रुपये ते दर महिन्याला बाजूला काढून ठेवत, एवढे आजीकडून ऐकलेले होते. डब्यात धोतराच्या फडक्यात बांधलेली एकूण ४७ नाणी आहेत. त्यांत राणीछाप रुपये ३, सातव्या एडवर्डचे २, पंचम जॉर्जचे ६ (त्यांतले दोन १९१७ आणि १९१८ सालचे), सहाव्या जॉर्जचा १९३८ सालचा १ आणि १९४० ते १९४५ या सालांचे ३० रुपये आहेत. याशिवाय चार अधेल्या (अर्ध्या रुपयाची नाणी) आहेत आणि मागे वाघ असलेला १९४७ चा एक पांढराशुभ्र रुपया आहे. एका राणीछाप रुपयाला कडी डागलेली आहे. तो बहुधा पणजीच्या गळ्यातला असावा.

जुने रुपये फरशीवर टाकले की खणखणीत वाजतात आणि १९४३ चा रुपया मात्र बद्द वाजतो, असे मला जाणवले. वजन करून पाहिले तर दोन्ही जवळजवळ सारखेच भरतात. एका सराफांना डबा दाखवला, तेव्हा युद्धाच्या वेळचे रुपये निम्म्या टंचाचे, म्हणजे निम्मीच चांदी असलेले असतात असे सांगून त्यांनी सगळे ४२ रुपये एकत्र काट्यावर ठेवले आणि निम्म्या चांदीचा भाव सांगितला. त्यांनी सांगितले ते काही नाण्यांबाबत खरे असेलही, परंतु सगळ्या नाण्यांना ते लागू कसे होईल, हे मला समजले नाही, म्हणून मी डबा परत घेऊन आले. आता आत्याचा आग्रह आहे की नाणी आधी चिंचेच्या पाण्यात टाकून, रांगोळीने घासून लख्ख करावीत म्हणजे भाव चांगला येईल, आणि कॅनडातल्या भावाला त्यांतली काही आठवण म्हणून हवी आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तोळामासा

ताई, डबा परत आणलात हे उत्तम केलेत. आत्याबाईंची क्षमा मागून पहिली विनंती करतो, की नाण्यांना चिंच, लिंबू, रांगोळी, दंतमंजन किंवा चांदी उजळायची पावडर यांतले काहीही लावू नका. रांगोळीचे कण दगडाचे असतात आणि ते नाण्याच्या पृष्ठभागावर हजारो बारीक ओरखडे उठवतात. टांकसाळीतून आलेली मूळची झळाळी एकदा गेली की ती कोणत्याही उपायाने परत येत नाही, आणि भिंगातून पाहणारा संग्राहक पहिल्या क्षणी ओळखतो की नाणे घासलेले आहे. ज्या नाण्याला नाणे म्हणून किंमत मिळाली असती, त्याची यामुळे नुसती चांदी होऊन जाते. नाणी फरशीवर वाजवून पाहणेही आता थांबवावे, कारण काठाला पडलेला ठोसाही किंमत उतरवतो.

आता टंचाविषयी. ब्रिटिश अमलातला रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता. तोळाही तेवढाच. आपल्या आज्या ‘रुपयाभार सुंठ घाल’ असे सांगायच्या, ते वजन हेच. या रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी होती, त्यामुळे एका रुपयात साधारण १०.६९ ग्रॅम चांदी भरते. राणीछाप, एडवर्डछाप, पंचम जॉर्जचे चांदीचे रुपये आणि सहाव्या जॉर्जचे १९३८ व १९३९ चे रुपये या कसाचे आहेत. १९४० साली कायद्यात बदल करून सरकारने चांदी ५० टक्क्यांवर आणली आणि उरलेल्या भागात ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल व ५ टक्के जस्त घातले. नाण्याचे वजन ११.६६ ग्रॅमच ठेवले, म्हणून तुमच्या काट्यावर दोन्ही सारखे भरले. चांदी मात्र ५.८३ ग्रॅमच उरली.

तुमच्या डब्यातले १२ रुपये जुन्या कसाचे आहेत आणि ३० रुपये निम्म्या कसाचे. म्हणजे १२८.३ ग्रॅम आणि १७४.९ ग्रॅम मिळून सुमारे ३०३ ग्रॅम शुद्ध चांदी झाली. सगळ्यांना निम्मा टंच लावला तर ती २४५ ग्रॅमच्या आत दिसते. मधला फरक ५८.३ ग्रॅम, म्हणजे बरोबर पाच तोळे आहे. हिशोबासाठी चांदी १०० रुपये ग्रॅम धरली तर एकट्या या चुकीने तुमचे ५,८०० रुपयांहून अधिक नुकसान झाले असते. त्या दिवशीचा खरा भाव लावून हाच गुणाकार करावा. झिजलेल्या नाण्यांचे वजन थोडे कमी भरते, म्हणून प्रत्येक नाणे स्वतंत्र तोलून आकडा लिहून ठेवावा.

सालावर विश्वास नसेल तर घरी करता येणारी एक परीक्षा आहे, आणि तीत नाण्याला धक्का लागत नाही. शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्यावा, त्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणावा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडवावे. तळाला किंवा काठाला टेकू देऊ नये आणि बुडबुडे चिकटले असतील तर हलकेच हलवून घालवावेत. काट्यावर जो आकडा येईल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागावे. जुन्या कसाच्या रुपयाचा भागाकार १०.३ च्या आसपास येतो आणि निम्म्या कसाच्या रुपयाचा ९.५ च्या आसपास. १९४० हे बदलाचे वर्ष असल्यामुळे त्या सालच्या पावल्या (पाव रुपयाची नाणी) आणि अधेल्या यांच्याबाबत नुसते साल पाहून निर्णय करू नये. १९४७ चा वाघाचा रुपया चांदीचा नाही, तो निकेलचा आहे. लोहचुंबक जवळ नेलात तर चटकन चिकटेल. चांदी चिकटत नाही.

टांकसाळ_गल्ली

तोळामासा यांनी चांदीचा हिशोब पूर्ण केला आहे. नाण्यांच्या बाजूने मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण हा डबा नेमका असा का भरला, याचे उत्तर त्या वर्षांतल्या घडामोडींत आहे आणि किंमत ठरवताना ते ठाऊक असावे लागते.

१९४० च्या जून महिन्यात फ्रान्स पडला आणि हिंदुस्थानभर लोकांनी नोटा देऊन रुपये घेण्याची रीघ लावली. नोटेचे काय होईल सांगता येत नाही, चांदी मात्र चांदीच राहील, हा त्यामागचा साधा विचार होता. गरजेपेक्षा अधिक नाणी साठवणे हा सरकारने गुन्हा ठरवला आणि जुलैत एक रुपयाची नोट काढली. त्या नोटेवर साल १९३५ आणि चित्र पंचम जॉर्जच्या रुपयाचे आहे, कारण ती आधीच छापून ठेवलेली होती. त्यानंतर रुपयाचा कस उतरवला गेला आणि जुन्या कसाची नाणी टप्प्याटप्प्याने चलनातून बाद झाली: १९४१ मध्ये राणीछाप, १९४२ मध्ये एडवर्डछाप आणि १९४३ मध्ये पंचम व सहाव्या जॉर्जचे जुन्या कसाचे रुपये. ज्यांनी सरकारी आवाहन पाळले त्यांची नाणी खजिन्यात जाऊन आटली. म्हणून, ताई, तुमच्या आजोबांच्या डब्यातले ते १२ रुपये ही त्या काळी मुद्दाम मागे ठेवलेली नाणी आहेत.

खजिन्यात जमलेल्या चांदीपैकी काही इंग्लंडला जात होती. ‘सिटी ऑफ कैरो’ हे जहाज ऑक्टोबर १९४२ मध्ये मुंबईहून निघाले, तेव्हा त्याच्या पोटात चांदीच्या रुपयांच्या सुमारे २,००० पेट्या, म्हणजे जवळजवळ १०० टन नाणी होती. ६ नोव्हेंबर १९४२ रोजी दक्षिण अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुडीने ते बुडवले आणि शंभरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतली बरीच जहाजाबरोबर गेली नाहीत, जीवरक्षक होड्यांतून दिवसेंदिवस भरकटत गेली. २०१३ साली ५,१५० मीटर खोलीवरून त्यांतली कित्येक टन नाणी वर काढण्यात आली. त्या रुपयांची गोष्ट वाचली की हातातला साधा रुपयाही मला वेगळा दिसू लागतो.

युद्ध लांबले तशी चांदी अपुरी पडू लागली आणि अमेरिकेने हिंदुस्थानला २२.६ कोटी औंस चांदी उसनी दिली. ती वस्तुरूपाने, चांदीतच परत करायची होती. युद्धानंतर निकेलची नाणी आली, निम्म्या कसाचे रुपये गोळा करून त्यांतली चांदी वेगळी काढण्यात आली आणि स्वतंत्र भारताने १९५७ पर्यंत ती उसनवारी फेडली. एवढे आटवूनही १९४० ते १९४५ चे रुपये आज बाजारात विपुल आहेत, कारण ते प्रचंड संख्येने पाडले गेले होते. साधारण झिजलेल्या अशा रुपयाला चांदीच्या किमतीहून थोडेच अधिक मिळते आणि यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही.

तरीही प्रत्येक नाणे भिंगाखाली पाहावे. मागच्या बाजूला तळाशी ठिपका किंवा शंकरपाळ्यासारखी खूण असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीचे आणि इंग्रजी ‘एल’ अक्षर असेल तर लाहोरचे. डिसेंबर १९४२ मध्ये कलकत्त्यावर जपानी बॉम्ब पडले आणि १९४३ पासून लाहोरच्या टांकसाळीतून नाणी बाहेर पडू लागली. लाहोरचे रुपये १९४४ आणि १९४५ या दोनच सालांचे आहेत, म्हणून संग्रहात ते वेगळे लावतात. रुपयाची कडही पाहावी. युद्धकाळातल्या रुपयाच्या कडेवर दातऱ्यांच्या मधोमध एक चर असून त्या चरात नक्षी आहे. खोटे नाणे पाडणाऱ्याला ती उठवणे कठीण जावे, हा तिचा उद्देश होता. आजही ओतीव नकली नाण्याची कड पाहिली की तिथे चर बुजलेला आणि नक्षी फासटलेली दिसते.

सगळ्यांत दुर्मीळ रुपया १९३९ चा. तो बाहेर फारच थोडा आला आणि त्याची किंमत चांदीशी काहीही संबंध न ठेवता ठरते. याच कारणाने १९३८ च्या रुपयातला आठाचा आकडा कोरून नऊ करण्याचा उद्योग चालतो. दोन्ही नाणी एकाच कसाची आणि वजनाची असल्यामुळे काटा आणि पाणी इथे उपयोगी पडत नाहीत. दहापट भिंगातून शेवटच्या आकड्याभोवतीची जमीन, म्हणजे नाण्याचा सपाट भाग, पाहावी. खरवडलेल्या जागी धातूची चमक बाजूच्या जमिनीशी जुळत नाही आणि नवाचे शेपूट शेजारच्या तीनच्या वळणापेक्षा बोजड किंवा तुटक असते. तुमच्याकडे १९३८ चा आहे, तो १९३८ चाच राहू द्या. चांगल्या स्थितीत असेल तर त्यालाही संग्राहक विचारतात.

तुमच्या १९१७ आणि १९१८ च्या रुपयांनाही युद्धाचीच पार्श्वभूमी आहे, पण पहिल्या महायुद्धाची. तेव्हाही चांदी संपत आली होती आणि ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारला एक रुपयाची नोट काढावी लागली. १९१८ च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने आपले चांदीचे डॉलर आटवून सुमारे २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठी दिली आणि तिचे इथे रुपये पाडले गेले. हे रुपयेही विपुल आहेत, मात्र मुकुटाच्या रत्नांची ओळ आणि झग्यावरची नक्षी स्पष्ट असलेला, न झिजलेला रुपया सापडला तर तो वेगळा काढून ठेवावा.

हाली_सिक्का

चर्चेत मराठवाड्याचा भाग राहिला आहे, म्हणून लिहितो. आमच्याकडे, म्हणजे निजामाच्या मुलुखात, ब्रिटिश रुपयाला ‘कलदार’ म्हणत आणि निजामाच्या रुपयाला ‘हाली’. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हा हिशोब आमच्या वडिलांच्या पिढीला तोंडपाठ होता. हाली रुपयावर चारमिनार असतो, वजन ११.१८ ग्रॅमच्या आसपास असते आणि त्यात शंभरात सुमारे ८२ भाग चांदी असे. युद्धात हैदराबादनेही कस उतरवून चांदी निम्म्यावर आणली. या नाण्यांवर हिजरी साल असते आणि अनेक सराफांना ते वाचता येत नाही, त्यामुळे चांगल्या कसाचे आणि हलक्या कसाचे हाली रुपये एकाच भावाने मोडीत जातात. बीड, परभणी, नांदेडकडच्या कोणाच्या घरी असे रुपये असतील तर पाण्याची परीक्षा केल्याशिवाय देऊ नयेत.

साठवणीबद्दल माझा अनुभव सांगतो. मी दहा वर्षांपूर्वी माझे रुपये बाजारात मिळणाऱ्या मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या अल्बममध्ये लावले होते. दोन पावसाळ्यांनंतर पाहिले तर राजाच्या गालावर हिरवट, चिकट थर आला होता. मऊ पीव्हीसी विरघळून तो थर येतो आणि खालची चांदी खातो. शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणे बुडवून तो थर काढता आला, घासावे लागले नाही, परंतु दोन नाण्यांवर डाग राहिलेच. आता मी प्रत्येक नाणे पीव्हीसी नसलेल्या कडक पारदर्शक पाकिटात ठेवतो, डब्यात सिलिकाची पुडी टाकतो आणि नाणे नेहमी कडेला धरून उचलतो.

वाईची_लेक

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी दुपारी काटा आणला आणि भावजय व मी दोघींनी मिळून प्रत्येक रुपया तोलला. १९३८ चा रुपया कोरडा ११.६२ ग्रॅम भरला आणि पाण्यात १.१२ चा आकडा आला, भागाकार १०.३७. १९४३ चा ११.६० भरला आणि पाण्यात १.२२, भागाकार ९.५१. आकडे पाहून आत्याही वाटीजवळ येऊन बसली आणि पुढचे सगळे दोरे तिनेच बांधले. चिंचेचे पाणी तिने स्वतःहून ओतून टाकले.

तीस रुपयांमध्ये तीन लाहोरचे निघाले. कडेवरचा तो चर भिंगातून पहिल्यांदाच पाहिला. चरात बसलेली नक्षी अजून इतकी रेखीव आहे, की ती बघण्यातच बराच वेळ गेला. आता दोन प्रश्न उरतात. कडी डागलेल्या रुपयाचे काय करावे आणि भावाला नाणी कशी पाठवावीत?

टांकसाळ_गल्ली

कडी डागलेला रुपया संग्राहकाच्या दृष्टीने सदोष ठरतो आणि कडी काढली तरी डागाची जागा कायम दिसते, म्हणून त्याची बाजारातली किंमत केवळ चांदीची. कडीच्या सांध्यात कस वेगळा असतो, त्यामुळे त्याचे वजन कडीसह चांदीच्या हिशोबात धरू नका. पणजींच्या गळ्यातला तो रुपया मोडीत देऊ नका, अशी माझी वैयक्तिक विनंती आहे. ती कडी काढूही नका.

भावाबाबत सावध राहावे लागेल. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार १०० वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमचे राणीछाप आणि एडवर्डछाप रुपये, तसेच १९१७ व १९१८ चे रुपये या कक्षेत येतात. पंचम जॉर्जच्या उरलेल्या चार रुपयांचीही साले मोजून पाहावीत. भावाला आजोबांच्या पगारातलाच रुपया हवा असेल तर १९४० ते १९४५ मधला द्यावा. तो १०० वर्षांचा झालेला नाही. तरी टपालाने पाठवू नये. भाऊ इथे येईल तेव्हा सीमाशुल्काचे त्या वेळचे नियम पाहून त्याने स्वतः न्यावा.

आणखी एक. असा डबा सापडल्याचे कळले की ‘तुमच्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असे सांगणारे फोन आणि संदेश येऊ लागतात, आणि त्यांत रिझर्व्ह बँकेचे नाव वापरलेले असते. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कोणतेही शुल्क घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीरपणे सांगितलेले आहे. आगाऊ पैसे मागणाऱ्याशी बोलणे तिथेच थांबवावे.

तोळामासा

वाचकांपैकी कोणाला वाडा पाडताना भिंतीत किंवा जमिनीत पुरलेली नाणी मिळाली, तर ती गोष्ट माळ्यावरच्या डब्यापेक्षा वेगळी आहे, हे नोंदवून ठेवतो. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे १० रुपयांपेक्षा अधिक मोलाचा असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

ताई, एक सुचवतो. प्रत्येक पाकिटावर साल, टांकसाळ, वजन आणि ‘आजोबा, खडकी’ एवढे पेन्सिलीने लिहून ठेवा. विकायचेच असतील तर लाहोरचे तीन आणि १९३८ चा बाजूला ठेवून बाकीचे युद्धकाळातले रुपये दोन-तीन ठिकाणी दाखवा, आणि दाखवायला जाताना तुमच्या आकड्यांचा कागद बरोबर न्या. मुंबईत फोर्टमधले रिझर्व्ह बँकेचे संग्रहालय किंवा नाशिकजवळ अंजनेरीचे नाण्यांचे संग्रहालय जमल्यास आधी पाहून या. चांगल्या स्थितीतला रुपया कसा दिसतो हे एकदा डोळ्यांत बसले, की डब्यातला कोणता रुपया वेगळा काढायचा हे तुमचे तुम्हालाच दिसेल.